खालच्या सुराची जागा

हेलेना, आर्कान्सा
१२ सप्टेंबर १९६५

ओझेला बये,

पोचलीस का धड? तुझी आई रोज संध्याकाळी पायरीवर बसून 'माझी पोर, माझी पोर' करत असते. मी म्हटलं, अर्लीन मावशी, तुझी पोर लॉन्झो बेलच्या मागं उभी राहून गायला गेलीय, लढाईवर नाही. तर म्हणते कशी, "तू तरी त्या बसमधून काय घेऊन आलीस? पोट!" घ्या! क्लीओटिस माझा लग्नाचा नवरा आहे आणि हे त्याचंच आहे, हे गावाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आता नीट ऐक. लोक 'बेलेट्स, बेलेट्स' म्हणून टाळ्या पिटतात, पण ते नाव लॉन्झोचं आहे. मागच्या तिघी बदलतात, नाव बदलत नाही. वरचा सूर जिनेव्हाचा, मधला पर्लीचा, खालचा माझा. सध्या तुझ्याकडे सांभाळायला दिलाय. जिनेव्हा तोंडानं फटकळ आहे, पण जीव लावते. पर्लीला बसमध्ये खिडकी लागते, नाहीतर ती उलट्या करते. लॉन्झोला तोंडावर 'मिस्टर बेल' म्हणायचं, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं नाही, आणि तो देतो त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कितीही डोळे मिटत असले तरी.

माझ्या स्टेजवरच्या हिरव्या झग्याच्या अस्तरात डाव्या बगलेखाली बघ. लाल दोऱ्यानं रोबर्टाचं नाव टाचलंय, माझ्या आधी ती होती. त्याखाली पिवळ्यानं माझं. तू काही टाचू नकोस. तू पाहुणी आहेस.

आणि घसा बसला तर घाबरू नकोस. म्हाताऱ्या मदर टिल्मननी आपल्याला चर्चच्या गाणाऱ्या पोरींत बसवून जे शिकवलं, तेच मी त्या दोघींना शिकवून ठेवलंय. शेजारणीचा आवाज गेला की तिला झाकून घ्यायचं. तिचा सूर आपण उचलायचा, तिनं नुसते ओठ हलवायचे, आणि बाकावरच्या कुण्णाला कळू द्यायचं नाही. लॉन्झोला तर नाहीच नाही.

बाळ अंगावरून सुटलं की मी परत येणार. माझी जागा ऊबदार ठेवशील म्हणून मदर टिल्मनसमोर हात वर करून शब्द दिलायस. विसरलीस तर तुझी खैर नाही.

तुझी
लूव्ही


बर्मिंगहॅम, अलाबामा
२१ नोव्हेंबर १९६५

लूव्ही राणीसरकार,

तुमची जागा ऊबदार आहे. इतकी, की घामानं त्या झग्याच्या टिकल्या गळायला लागल्यात. आणि तो झगा! तुझी कंबर होती की काय होतं गं? जिनेव्हानं दोन्ही बाजूंनी आत घेतला तेव्हा कुठं माझ्या अंगावर राहिला. आता फुगू नकोस, छातीला मात्र तो मला घट्ट होतो.

पहिल्या दिवशी लॉन्झो म्हणाला, "हा आवाज कुठून काढतेस, विहिरीतून?" मी म्हटलं, "हो मिस्टर बेल, आमच्या गावात एकच विहीर आहे, लुवेनियाही तिचंच पाणी प्यायली." बसमध्ये अजून तुला पुऱ्या नावानंच ओळखतात; सगळी बस हसली. तो हसला नाही. त्याला दुसऱ्यानं हसवलेलं चालत नाही, हे तू सांगायला विसरलीस.

खायचं म्हणजे कागदाच्या पिशवीतलं थंड चिकन आणि पाव. इकडे रस्त्यावर बऱ्याच पंपांवर अजूनही गोरे मालक आम्हा काळ्यांना संडासाची किल्ली 'हरवलीय' म्हणतात. मग जिनेव्हा आडोशाला कोट धरते आणि आम्ही आळीपाळीनं शेतात बसतो. स्टेजवर हिरव्या टिकल्या आणि शेतात हे. आईला सांगू नकोस.

मोठी बातमी. मेम्फिसला आम्ही नवी रेकॉर्ड केली. तिघी एकाच माइकभोवती. मधेच लॉन्झो गाता गाता थांबला आणि माझ्याकडे बोट केलं. मला काही सुचेना. तू सकाळी पीठ मळताना जी गुणगुण करतेस ना, शब्द नसलेली, तीच माझ्या तोंडातून बाहेर आली. त्यानं ती तशीच ठेवली. आख्खं गाणं थांबतं आणि तेवढाच खालचा सूर ऐकू येतो. लूव्ही, माझ्या अंगावर काटा आला.

तुझी पाहुणी
ओझेला


हेलेना
२७ फेब्रुवारी १९६६

ओझेला,

मुलगी झाली. वर्डेल नाव ठेवलंय. डोकं मोठं आहे आणि आवाज त्याहून मोठा. माझे फार हाल झाले, टाके पडले, पण आता हिंडतेफिरते आहे.

तुझी रेकॉर्ड रेडिओवर ऐकली. क्लीओटिस गिरणीतून आला तसा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, ही तर तू!" मी म्हटलं, मी नाही, माझी बहीण आहे, माझ्या स्वयंपाकघरातून उचलून नेलंय तिनं. गमतीत म्हणाले. पण नंतर भांडी घासताना रडू आलं, ते काही गमतीत नव्हतं. वर्डेलला रात्री मी तेच गुणगुणून निजवते. दुसऱ्या कशानं निजत नाही मेली. आता गावातल्या बाया मला सांगतात, "लूव्ही, तू ओझेलाचं गाणं छान म्हणतेस हं." ओझेलाचं!

मिस्टर बेलना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तू त्यांना विचारतेस की नाही? की झगा अंगाला बसला म्हणून आता काढवत नाही? माझी आई म्हणायची, पाहुण्याला खुर्ची द्यावी, पण तिच्या पायाला दोरी बांधून द्यावी. तेव्हा मला हसू यायचं.

मेपर्यंत मुलगी वरच्या दुधावर येईल. स्पष्ट लिही, मी कधी येऊ?

लूव्ही


डेट्रॉइट, मिशिगन
९ मे १९६६

लाडके लूव्ही,

वर्डेलला माझ्याकडून गालगुच्चा. आईनं लिहिलंय की ती तुझ्यावर गेलीय, म्हणजे बिचारीचं अवघड आहे.

मी विचारलं गं. दर महिन्याला विचारते. ते म्हणतात, उन्हाळ्याचा दौरा संपू दे, मग बघू. तू मनाला लावून घेऊ नकोस. झगा मला नको आहे. गुणगुण तुझीच आहे, जो विचारतो त्याला मी तसंच सांगते, पण इथं कोण विचारतंय? रेकॉर्डवर माझंही नाव नाही. नुसतं 'बेलेट्स'.

पर्ली गेली. एका सकाळी बसमध्ये तिच्या खिडकीशी दुसरीच पोर बसली होती, शिकागोची, रोझेटा नावाची. पर्लीच्या बहिणीचं लग्न होतं म्हणून ती एक शो चुकवणार होती. एकच. हर्शेल, हा आमचा बसचा नवा कारभारी, त्यानं तिची कपड्यांची पेटी फुटपाथवर काढून ठेवली आणि शिट्टी वाजवत आला. रोझेटाला पर्लीचाच झगा दिलाय. तो सकाळपर्यंत वाळलाही नव्हता.

माझा घसा जरा बसलाय. दिवसाला तीन-तीन शो, त्यात सगळ्यांचा सिगारेटचा धूर. जिनेव्हा आणि रोझेटा झाकून घेतात मला. मदर टिल्मनना सांग, तुमचं शिकवलेलं वाया गेलं नाही. लिंबू, गरम पाणी आणि थोडीशी ती, जिचं नाव चर्चमध्ये घेत नाहीत, असं घेते. काळजी नको.

ओझेला


हेलेना
१८ जुलै १९६६

ओझेला,

तुला कळवलं नव्हतं. शनिवारी क्लीओटिसच्या भावाच्या गाडीतून मेम्फिसला आले होते, तुमचा शो बघायला. वर माडीवर बसले होते. वाटलं होतं, शेवटी मागून येऊन तुझे डोळे झाकावेत.

मी काय बघितलं सांगू? तू माझ्या झग्यात उभी, तोंड एवढं उघडं, मान डोलावतेयस, बोटं वाजवतेयस, आणि आवाज शून्य! एका गाण्यात नाही, सगळ्यांत. जिनेव्हा वरून खाली उतरून तुझा सूर घेत होती, मग धावत वर. ती गुणगुण तर त्या नव्या पोरीनंच उचलली. हॉलमध्ये कुणाला कळलं नसेल, मला कळलं. झाकायचं त्यांना मीच शिकवलंय! आजारी पोरीसाठी असतं ते, बाई. फुकट मिरवायला नसतं. मी इथं पोर काखेत घेऊन चर्चमध्ये घसा फोडतेय, आणि तू तिथं दुसऱ्याच्या जिवावर ओठ हलवतेस?

मला राहवलं नाही. मागच्या दाराशी गेले. तुझा तो शिट्टी वाजवणारा हर्शेल उभा होता. मी त्याला तोंडावर सांगितलं, तुमची खालच्या सुराची पोर गात नाहीये, नीट ऐका. आणि मी आहे, मला सगळी गाणी येतात. तो म्हणाला, "असं होय?" आणि आत गेला. तुला न भेटताच निघाले.

राग आला तर येऊ दे. शब्द तू मोडलास, मी नाही.

लुवेनिया


बाल्टिमोर, मेरीलँड
६ ऑगस्ट १९६६

लुवेनिया,

मी जिनेव्हा. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. तुला लिहू नकोस म्हणून ओझेलानं पाटीवर लिहून माझ्याकडून कबूल करून घेतलं, पण मी कबूल केलेलं कधी पाळते?

मेम्फिसच्या शोनंतर हर्शेल लॉन्झोच्या कानाला लागला. दुसऱ्या दिवशीपासून लॉन्झो आम्हा दोघींवर नजर ठेवायला लागला. बाल्टिमोरला पहिल्याच गाण्यात त्यानं हात वर करून बँड थांबवला. मला आणि रोझेटाला हातानं मागं ढकललं, माइकपासून पार पडद्यापर्यंत. ओझेलाला एकटीला पुढं उभं केलं आणि लोकांना म्हणाला, "आता ही गुणगुण तुम्हाला हीच ऐकवेल." लोकांना वाटलं मानच देतोय. टाळ्या पडल्या गं, खूप टाळ्या.

ती गायली. कशी गायली देव जाणे. एकदा झालं की तो बोट फिरवायचा, पुन्हा. मग पुन्हा. लोक उभे राहून ओरडत होते. मग ती माझ्याकडे वळली आणि रुमालात खोकली. रुमाल लाल झाला. मी पुढं गेले तर हर्शेलनं माझा दंड धरला.

डॉक्टर म्हणाले, मेमध्ये महिनाभर गप्प बसली असती तर घसा भरून आला असता. आता बोलण्यापुरता परतला तरी नशीब. गाणं विसरा.

आता तुला ठाऊक नाही ते ऐक. मार्चमध्ये लॉन्झो तिला म्हणाला होता, लेकुरवाळ्या बाईला मी बसमध्ये घेत नाही, लुवेनियाचं नाव पुन्हा काढू नकोस. तरी ही दर महिन्याला काढायची. शिव्या खायची. मी म्हटलं, आठवडाभर रजा टाक, घसा बघ. तर म्हणाली, "मी एक शो चुकवला तर तो शिकागोहून दुसरी आणेल. मग ती जागा आमच्या हेलेना गावाची राहणार नाही. मी उभी आहे तोवर लूव्हीला आशा आहे." आम्ही तिला झाकत राहिलो. चांगलंच करतोय असं वाटलं. आम्ही तिला तीन महिने झाकलं म्हणून तिला कुणी थांबवलं नाही, बाई. हे मला रात्री झोपू देत नाही. तुलाही झोपू देऊ नये, असं मी मुद्दाम लिहितेय.

ती येत्या मंगळवारच्या बसनं निघतेय. आणि हर्शेलचा निरोप: लॉन्झोनं मन बदललंय. नव्या पोरीला गाणी शिकवायला वेळ नाही, तुला येतात. शुक्रवारपर्यंत रिचमंडला ये, म्हणे. झगा धुऊन ठेवलाय.

जिनेव्हा


फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया
३० ऑक्टोबर १९६६

ओझेला,

हे पाचवं पत्र. आधीची फाडली.

त्या दिवशी तू बसमधून उतरलीस, मी वर्डेलला घेऊन समोर आले, आणि तू हसलीस. मी पायाशी बसले तर तू पाटीवर दोनच अक्षरं लिहिलीस, 'जा ना', आणि पोरीला माझ्या हातातून घेतलंस. मावशी माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नसेल.

मी स्वतःला सांगते की तू म्हणालीस म्हणून आले. तुझं सगळं फुकट जाऊ नये म्हणून आले. पण खोटं कशाला बोलू, मला यायचंच होतं. तुझा रुमाल जिनेव्हानं मला दाखवला, तरीही त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा माझी छाती आनंदानं भरून आली. अशी मी आहे. मला माझीच किळस येते.

अस्तरात माझ्या पिवळ्या दोऱ्याखाली निळ्या दोऱ्यानं काहीतरी टाचलेलं दिसलं. वाटलं, अखेर टाचलंस ना नाव! नीट बघितलं तर तुझं नाव नाहीच. माझंच आहे. जुना दोरा उसवायला आला होता, तू वरून पुन्हा भरलास. ओझेला, मी झगा तोंडात कोंबून रडले.

रोज ती गुणगुण म्हणावी लागते. लोक तेवढ्यासाठीच येतात. लॉन्झो बोट फिरवतो, पुन्हा, पुन्हा. हल्ली माझाही आवाज थोडा जाड झालाय. काही विशेष नाही. जिनेव्हाला झाकायचं नाव काढलं तरी ती अंगावर येते, पण रोझेटा भली आहे, या आठवड्यात दोनदा तिनं माझा सूर घेतला. हर्शेलला पत्ता नाही.

पोरगी निजते का? कशानं निजते?

मला माफ केलंस असं एकदा लिही. नसेल केलं तर तसं लिही.

लूव्ही


हेलेना
५ डिसेंबर १९६६

लूव्ही,

वर्डेलला चार दात आले. ती धरून उभी राहते. आई तिला रताळं कुस्करून घालते, क्लीओटिस गिरणीतून थेट आमच्याकडेच येतो.

निजते कशानं विचारलंस. पहिल्या रात्री मी गुणगुणायला गेले तर घशातून चुलीत वारा शिरावा तसा आवाज निघाला आणि पोर घाबरून किंचाळली. तेव्हापासून रेकॉर्ड लावते. लॉन्झो गप्प होतो, माझा सूर येतो, की ही शांत. मी शेजारीच असते, पण ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. त्या खोक्याकडे हात करते. मला त्या खोक्याचा राग येतो. माझाच आवाज आहे आणि मला त्याचा राग येतो.

माफीचं मला माहीत नाही. मी रोज सकाळी उठून बघते, झालंय का. अजून नाही झालं. तुला खोटं लिहिणार नाही. पण तू हवी आहेस मला, हे मात्र रोज सकाळी असतं.

आता मुद्द्याचं. हर्शेलला पत्ता नाही म्हणतेस? गुरुवारी मदर टिल्मनना त्याचं पत्र आलं. त्यांनी मला वाचायला दिलं. 'तुमच्या चर्चमध्ये खालच्या सुराची आणखी एखादी पोर असेल तर कळवा. अंगानं लुवेनियाएवढीच हवी, झगा पुन्हा उसवायला वेळ नाही.' त्याला सगळं कळलंय, लूव्ही. रोझेटा तुला झाकतेय आणि तो मापं मागवतोय.

मदर टिल्मननी ते पत्र शेगडीत घातलं.

घरी आल्यापासून त्या मला चर्चच्या कॉयरमध्ये, गाणाऱ्या पोरींत, माझ्या जुन्या जागेवर बसवतात. दोन्हीकडच्या पोरी मला झाकायच्या, मी ओठ हलवायची. लोकांना माहीत होतं, पण सगळे माहीत नसल्यासारखं करायचे. या रविवारी गाणं सुरू व्हायच्या आधी त्या काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "आज ओझेलाला कुणी झाकायचं नाही. तिची रिकामी जागा लोकांना ऐकू दे." मग पोरींकडे वळून म्हणाल्या, "झाकायचं ते पुढच्या रविवारपर्यंत असतं. तेवढ्यात पोर बरी होते. ज्यांच्या आठवड्याला रविवारच नाही, त्यांच्या हाती हे द्यायला नको होतं. चूक माझी आहे."

गाणं सुरू झालं. माझी ओळ आली. सगळ्या गप्प, मी गप्प. लूव्ही, एवढं मोठं भोक! मला वाटलं होतं खालचा सूर म्हणजे काय, असला काय नि नसला काय. आख्खं गाणं तिथं खाली बसलं. बाकावरचे लोक वळून बघायला लागले. आई उठून उभी राहिली आणि मोठ्यानं रडली, मी आल्यापासून पहिल्यांदा. मग एकेक करत सगळे उभे राहिले. मी तोंड मिटून उभी होते. ओठ हलवले नाहीत.

तर तू असं कर. उद्या रोझेटाला सांग, माझा सूर घेऊ नकोस. तो बोट फिरवील तेव्हा तोंड मिटून उभी राहा. ऐकू दे त्याला. ऐकू दे त्या टाळ्या पिटणाऱ्यांना. मग तो पेटी फुटपाथवर काढेल, ती उचल आणि पहिल्या बसनं ये. ती जागा जाऊ दे ज्याला जायची त्याला. आपल्या गावाची दुसरी पोर तिथं जाणार नाही, मदर टिल्मननी तसं बजावलंय.

तुझ्याकडे अजून गुणगुणण्यापुरता तरी आवाज असेल. तेवढा घेऊन ये. रेकॉर्डवर चरा पडलाय, नेमका त्याच जागी, आणि सुई तिथं अडकते. पोर जागीच आहे.

ओझेला